रोपलेले मूत्रपिंड आणि पोटाची भिंत

मूत्रपिंड प्रत्यारोपण करताना पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजव्या बाजूला, जवळजवळ वीतभर लांबीचा छेद घ्यावा लागतो. वरची कातडी काही दिवसांत भरून येते, पण आतले स्नायू आणि त्यांचे चिवट आवरण कधी कधी पुरते सांधत नाही. तिथे फट राहते आणि पोटातला ऐवज त्या फटीतून कातडीखाली येऊ लागतो. याला छेदजन्य हर्निया म्हणतात. मराठीत हर्नियासाठी ‘अंतर्गळ’ हा जुना शब्द आहे, आणि बोलताना माणसे ‘आंत उतरली’ असे म्हणतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात मात्र उतरते ते नेहमी आतडेच असते असे नाही. कधी मूत्राशयाचा भाग उतरतो, कधी नव्या मूत्रपिंडाची मूत्रवाहिनी, आणि अगदी क्वचित खुद्द मूत्रपिंडच जागा सोडून पुढे येते. नेहमीच्या हर्नियाचे आडाखे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्याचे पहिले कारण हे आहे.

प्रत्यारोपणाच्या गुंतागुंतींमध्ये हर्नियाचा क्रमांक सहसा खाली लागतो. शरीराने अवयव नाकारणे, रक्तवाहिनीत गुठळी होणे, जंतुसंसर्ग, लघवी झिरपणे या गोष्टी मूत्रपिंड किंवा जीव घेऊ शकतात, त्यामुळे लक्ष तिकडे जाते. बहुतेक अहवालांत प्रत्यारोपणानंतरच्या छेदजन्य हर्नियाचे प्रमाण १ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान आढळते, काहींत ते याहून बरेच जास्त आहे. रुग्ण किती वर्षे नजरेखाली ठेवले, ते किती स्थूल होते, हर्निया हाताने तपासून शोधला की सीटी स्कॅनवर, यानुसार आकडा बदलतो. पोटाच्या मध्यरेषेवर मोठा छेद घेतलेल्या सर्वसाधारण रुग्णांत हे प्रमाण १० ते २० टक्के मानले जाते. त्या मानाने प्रत्यारोपणाचा छेद बराच टिकाऊ ठरतो, आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असताना तो इतका टिकतो याचे श्रेय जागेच्या निवडीला जाते.

नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निकामी झालेली दोन्ही मूत्रपिंडे पाठीकडे बरगड्यांखाली बहुधा तशीच राहतात. नवे मूत्रपिंड कमरेच्या हाडाच्या खोलगट भागात, ओटीपोटाच्या एका कुशीला ठेवले जाते. ही जागा सापडायला वेळ लागला. १९३३ साली युक्रेनमधील खेरसोन येथे यूरी व्होरोनॉय यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णाच्या मांडीशी जोडले होते. पुढे १९५०च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये डेव्हिड ह्यूम यांनीही मांडीचाच मार्ग धरला. पॅरिसमध्ये १९५१ साली रेने क्यूस आणि त्यांच्या काळातल्या काही फ्रेंच शल्यविशारदांनी मूत्रपिंड ओटीपोटाच्या कुशीत, पण आतड्यांभोवतीच्या पडद्याच्या म्हणजे पर्युदराच्या बाहेर ठेवण्याची पद्धत वापरली. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये केलेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण ओटीपोटाच्या कुशीतच झाले, आणि भारतात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये यशस्वी प्रत्यारोपण झाले तोवर ही जागा जगभर रूढ झालेली होती.

या जागेचे फायदे उघड आहेत. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात, त्यांना मूत्रपिंडाची धमनी आणि शीर जोडता येते. मूत्राशय जवळ असल्यामुळे मूत्रवाहिनी आखूड ठेवता येते. आतड्यांना हात लावावा लागत नाही. पुढे कधी बायोप्सी करायची झाली तर मूत्रपिंड कातडीपासून दोन-तीन बोटांवर असते. मात्र यातला शेवटचा फायदा हर्निया झाल्यावर अडचण होऊन बसतो. भिंत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये फारसे अंतरच नसते, आणि भिंतीवरचे प्रत्येक काम मूत्रपिंडाच्या अंगणात करावे लागते.

पोटाची भिंत बाजूला तीन स्नायूंच्या थरांनी बनलेली असते: बाहेरचा तिरकस, आतला तिरकस आणि सर्वांत आतला आडवा. तिघांचे धागे तीन दिशांनी जातात, प्लायवुडच्या थरांसारखे, आणि त्यामुळे भिंतीला बळ येते. मध्याकडे येताना हे स्नायू पातळ पण चिवट पांढऱ्या आवरणात उतरतात आणि ते आवरण पोटाच्या उभ्या सरळ स्नायूला वेढते. बेंबी आणि ओटीपोटाचे पुढचे हाड यांच्या साधारण मध्यावर एक सीमा आहे. तिच्याखाली सरळ स्नायूच्या मागे भक्कम आवरण राहत नाही, नुसता पातळ पडदा असतो. प्रत्यारोपणाच्या छेदाचे खालचे टोक याच दुबळ्या प्रदेशात येते.

छेदाच्या दोन मुख्य रीती आहेत. गिब्सन छेद तिरका, किंचित वळणदार असतो आणि जांघेच्या रेषेला धरून जातो. हॉकीच्या काठीसारखा दुसरा छेद खालून वर येऊन सरळ स्नायूच्या बाहेरच्या कडेने उभा चढतो. या दुसऱ्या छेदातून मूत्रपिंड बसवायला जागा प्रशस्त मिळते, पण तो ज्या कडेने जातो तिथे स्नायू जवळजवळ नसतो, फक्त आवरण असते. शिवाय पाठीकडून सरळ स्नायूत शिरणाऱ्या चेता या कडेवरच आडव्या येतात. त्या तुटल्या की त्यापुढचा स्नायू लुळा पडतो. दोन्ही छेदांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत तिरक्या छेदानंतर हर्निया आणि भिंतीचा सैलपणा कमी आढळला आहे. रुग्ण स्थूल असेल किंवा रक्तवाहिन्या खोल असतील तर शल्यविशारद उभ्या छेदाकडे वळतो, आणि नेमके अशाच रुग्णाला हर्नियाचा धोका आधीच जास्त असतो.

भिंत बंद करताना एक पेच असतो, जो इतर शस्त्रक्रियांत क्वचित येतो. प्रौढ माणसाचे मूत्रपिंड १० ते १२ सेंटिमीटर लांब असते आणि रक्तपुरवठा सुरू झाल्यावर ते आणखी फुगते. जिथे आधी काही नव्हते तिथे हा नवा ऐवज ठेवून भिंत पुन्हा मिटवायची असते. टाके घट्ट ओढले तर मूत्रपिंडावर दाब येतो, त्याची शीर दबते, आणि टेबलावर गुलाबी दिसलेले मूत्रपिंड निळसर पडू लागते. सैल ठेवले तर फट राहते. दाब जाणवला तर अनुभवी शल्यविशारद भिंत ओढूनताणून न मिटवता जाळी बसवतो, किंवा आधी केवळ कातडी बंद करून स्नायूंचा थर काही दिवसांनी मिटवतो. मूत्रपिंड वाचवण्यासाठी भिंतीचे बळ जाणूनबुजून थोडे गहाण टाकावे लागते. असे केलेल्या रुग्णात पुढे फुगवटा दिसला तर त्याला चूक म्हणता येत नाही.

टाके कसे घालावेत, यावर शल्यशास्त्रात बरेच काम झाले आहे. इंग्लंडमधील जेंकिन्स यांनी १९७६ साली दाखवले की जखमेच्या लांबीच्या किमान चौपट लांबीचा धागा वापरला गेला तर पोट उसवण्याची शक्यता बरीच घटते. नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. कडेपासून ५ मिलिमीटरवर आणि एकमेकांपासूनही ५ मिलिमीटरवर घेतलेल्या बारीक टाक्यांनंतर वर्षभरात १३ टक्के रुग्णांना हर्निया झाला, मोठ्या टाक्यांनंतर २१ टक्क्यांना. ती चाचणी मध्यरेषेवरच्या छेदांची होती, प्रत्यारोपणाची नव्हती. तरी आवरण थोडे-थोडे धरून, स्नायू न चिरडता, सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने शिवावे हा धडा इथेही लागू पडतो. रात्री तीन वाजता, चार-पाच तासांच्या कामानंतर, मूत्रपिंडातून लघवी येऊ लागली की सगळ्यांना हायसे वाटते आणि भिंत मिटवण्याचे काम अनेकदा सर्वांत कनिष्ठ हातांकडे जाते. हर्नियाची बरीचशी कारणे त्या शेवटच्या अर्ध्या तासात दडलेली असतात.

शिवलेली भिंत पहिले काही आठवडे धाग्याच्या जोरावर उभी असते. जखमेत आलेल्या पेशी कोलॅजन नावाचे प्रथिन विणतात, आधी कच्चे, मग हळूहळू पक्के. साधारण सहा आठवड्यांत आवरणाला मूळच्या निम्म्याच्या आसपास बळ येते, आणि वर्षानंतरही ते पूर्वपदावर येत नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णात या विणकामाला सुरुवातीपासूनच खीळ बसलेली असते. मूत्रपिंड निकामी असताना रक्तात साठलेली विषारी द्रव्ये पेशींची वाढ मंद करतात. डायलिसिसवर काढलेल्या महिन्यांत भूक मेलेली असते आणि प्रथिने कमी पडतात. मधुमेह तर पुष्कळदा मूत्रपिंड निकामी होण्याचेच कारण असतो. त्यावर लगेच दुसऱ्याचा अवयव टिकवण्यासाठीची औषधे सुरू होतात.

या औषधांपैकी स्टेरॉइडचा जखमेवरचा परिणाम सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित आहे. ते जखमेत येणाऱ्या पेशींना आवरते, कोलॅजन कमी बनू देते आणि कातडी पातळ करते. १९६०च्या दशकात ॲझाथायोप्रिनच्या जोडीला स्टेरॉइडचे मोठे डोस दिले जात आणि जखमा पिकणे, उसवणे ही नित्याची गोष्ट होती. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस व मायकोफिनोलेट आल्यावर स्टेरॉइडचे डोस उतरले आणि जखमांचे हालही कमी झाले. सिरोलिमसची कथा वेगळी आहे. हे औषध पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. ते मूत्रपिंडाला टॅक्रोलिमसइतके विषारी नसल्यामुळे त्याच्याकडून फार आशा होत्या. पण पेशींचे विभाजन थांबवणे हा त्याचा मूळ गुण आहे आणि जखम भरणाऱ्या पेशींनाही तो सोडत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत टॅक्रोलिमस घेणाऱ्या ८ टक्के रुग्णांना जखमेच्या तक्रारी झाल्या, तर सिरोलिमस घेणाऱ्या ४७ टक्क्यांना. तेव्हापासून जखम पुरती भरेपर्यंत हे औषध सुरू न करण्याकडे कल आहे. पुढे हर्नियाची ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर काही आठवडे आधी ते बदलून दुसरे दिले जाते.

उरलेली कारणे रुग्णाच्या शरीरात आणि जखमेच्या इतिहासात असतात. त्यांत स्थूलता सर्वांत ठळक आहे. चरबीच्या जाड थरात रक्तपुरवठा तोकडा असतो, तिथे पाणी साचते, जखम पिकते, आणि पिकलेल्या जखमेखालचे आवरण कुजून सुटते. एकाच जखमेतून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, मग ती रक्तस्रावासाठी असो वा लघवी झिरपल्यामुळे, हाही मोठा धोका आहे. वय, धूम्रपान, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला कुंथावे लागणे यांची भर पडते. पोटातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या पोटात दर वेळी सुमारे दोन लिटर द्रव भरलेला असतो. त्या दाबाने बेंबी, जांघ आणि नळीच्या जागी हर्निया होणे नेहमीचे आहे, आणि असे रुग्ण प्रत्यारोपणाला येतात तेव्हा त्यांची भिंत आधीच ताणलेली असते. आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंडविकारात गाठींनी फुगलेली मूत्रपिंडे पोटात जागा अडवतात आणि शरीरातले जोडऊतकही मुळात दुबळे असते. या रुग्णांना हर्निया इतरांहून जास्त होतो.

प्रत्यारोपणानंतरच्या वजनवाढीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवे. डायलिसिसच्या काळात रुग्णाने वर्षानुवर्षे मीठ तोलून खाल्लेले, पाणी मोजून प्यायलेले असते. केळी, शहाळे, डाळ यांवर बंधने असतात. नवे मूत्रपिंड चालू लागले की ही बंधने एकदम सैल होतात, स्टेरॉइडमुळे भूक खवळते, आणि घरची माणसे इतक्या वर्षांचे उपास भरून काढायला प्रेमाने वाढत राहतात. पहिल्या वर्षात वजन भराभर चढते, आणि नेमके याच वर्षात भिंत कच्ची असते. आहारतज्ज्ञाचा सल्ला डायलिसिसबरोबर संपत नाही, हे रुग्णालयातून घरी जाताना सांगितले गेले तर बरेच काही टळू शकते.

प्रत्यारोपणानंतर उद्भवणारे सारे हर्निया एका जातीचे नसतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आवरणाचे टाकेच तुटून भिंत उघडी पडली तर ती आणीबाणी असते. जखमेतून अचानक लालसर पाणी वाहू लागणे ही तिची खूण. अशा वेळी मूत्रपिंड पुढे सरकून स्वतःच्या रक्तवाहिन्यांभोवती पिळले गेले तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते गमावले जाते. छेदजन्य हर्निया बहुधा सावकाश, काही महिन्यांनी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत दिसू लागतो. सुरुवातीला उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा येतो, आडवे झाल्यावर जातो.

जांघेतला हर्निया ही या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट. वरवर तो अगदी साधा दिसतो. पण रोपलेल्या मूत्रपिंडाच्या बाजूच्या जांघेत शरीररचना बदललेली असते. नवी मूत्रवाहिनी वरून येऊन जांघेच्या आतल्या तोंडाजवळून मूत्राशयाकडे वळते. पुरुषांत वृषणाकडे जाणारी रज्जू तिथेच असते, आणि मूत्रवाहिनी तिच्याखालून न्यावी हा प्रत्यारोपणाचा नियम आहे. वरून नेली तर रज्जू तिला दोरीसारखी आवळते. मूत्रवाहिनी गरजेपेक्षा लांब ठेवली गेली असेल तर तिचा वेढा सैल राहतो आणि पुढे हर्नियाच्या पिशवीबरोबर तो जांघेत उतरतो. मग लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगू लागते.

माणसाच्या स्वतःच्या मूत्रपिंडात लघवी तुंबली तर कुशीत असह्य कळा येतात. रोपलेल्या मूत्रपिंडाच्या चेता काढतानाच तुटलेल्या असतात, म्हणून ते फुगले तरी दुखत नाही. रुग्णाला जांघेत थोडी गाठ, थोडा जडपणा जाणवतो, एवढेच. इकडे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढते. क्रिएटिनिन वाढले की पहिली शंका शरीर अवयव नाकारत असल्याची येते. तिच्यावर स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू झाले आणि खरे कारण जांघेत बसलेले असले, तर दिवस वाया जातात आणि भिंत आणखी दुबळी होते. सोनोग्राफीत फुगलेले मूत्रपिंड दिसले आणि त्याच बाजूच्या जांघेत गाठ असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. मूत्राशयाचा भाग उतरला असेल तर रुग्णच कधी कधी कारण सांगतो: लघवी झाल्यावर गाठ दाबली की पुन्हा लघवी होते.

या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होण्याची भीती खरी आहे. स्वतःच्या मूत्रवाहिनीला वरून खालपर्यंत अनेक ठिकाणांहून रक्त मिळते. रोपलेल्या मूत्रवाहिनीला ते फक्त मूत्रपिंडाच्या टोकाकडून, एका बारीक फाट्यातून मिळते. ती कापली गेली नाही, नुसती भोवतालच्या ऊतकांपासून सोलली गेली तरी खालचा भाग मरू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी स्कॅन करावे आणि मूत्रवाहिनीत नळी घालून ठेवावी, म्हणजे हाताला ती लागते. चरबीचा गोळा समजून पिशवीतले काहीही बांधून कापू नये, हा नियम या रुग्णांत दुप्पट कडक आहे.

आणखी एक प्रकार बाहेरून दिसतच नाही. मूत्रपिंड पर्युदराच्या बाहेर ठेवण्यासाठी तो पडदा हळूच सोलून बाजूला सारतात. त्यात नकळत भोक पडले आणि ते शिवले गेले नाही, तर आतड्याचा वेढा त्यातून मूत्रपिंडाशेजारी शिरून अडकू शकतो. मिनेसोटातील शल्यविशारदांनी १९७०च्या दशकात अशा रुग्णांची नोंद केली आणि याला प्रत्यारोपणालगतचा हर्निया म्हटले जाऊ लागले. उलट्या, पोट फुगणे, वायू न सरणे ही लक्षणे असतात, पण शस्त्रक्रियेनंतरची आतड्यांची सुस्ती म्हणून ती सहज नजरेआड होतात. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचे पोट लाकडासारखे घट्ट होत नाही, तापही येत नाही, आणि आतडे काळे पडेपर्यंत तो बरा वाटतो. याच जातीची आणखी एक वाट मूत्रपिंडाभोवती साचलेल्या लसिकेच्या उपचारातून तयार होते. तो द्रव पोटात वाहून जावा म्हणून पर्युदरात खिडकी पाडतात. खिडकी अरुंद राहिली तर तिच्यातही आतडे अडकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ती ऐसपैस ठेवून तिच्यात चरबीच्या पडद्याची, म्हणजे वपेची घडी बसवतात.

छेदाच्या जागचा प्रत्येक फुगवटा हर्निया नसतो. रोपलेले मूत्रपिंडच कृश माणसाच्या कुशीत ठळक दिसते आणि ते तसे दिसणे अपेक्षित आहे. साचलेली लसिका, रक्ताची गाठ, गळू यांमुळेही सूज येते. चेता तुटल्यामुळे लुळा पडलेला स्नायू बाहेर झुकतो. त्यात फट नसते, म्हणून काही अडकण्याची भीती नसते, आणि शस्त्रक्रियेने फारसा लाभही होत नाही. हा फरक हाताने कळतोच असे नाही. साधा सीटी स्कॅन, रुग्णाला श्वास रोखून कुंथायला सांगून घेतलेला, बहुधा पुरेसा असतो. शिरेतून दिले जाणारे रंगद्रव्य मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे गरज नसताना ते टाळतात.

हर्निया लहान असेल आणि त्रास नसेल तर काही काळ थांबता येते. मूत्रपिंडाचे काम स्थिर होऊन औषधांचे डोस उतरेपर्यंत, वजन आटोक्यात येईपर्यंत, विडी-सिगारेट सुटेपर्यंत थांबणे फायद्याचेच असते. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या तर थांबायचे नाही. दुरुस्ती केवळ टाक्यांनी करावी की जाळी लावून, हा वाद सर्वसाधारण छेदजन्य हर्नियाबाबत २००० साली एका डच चाचणीने बराचसा मिटवला: तीन वर्षांत टाक्यांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी ४३ टक्के ठिकाणी हर्निया परतला, जाळी लावलेल्यांपैकी २४ टक्के ठिकाणी. प्रत्यारोपणाच्या रुग्णात परकी वस्तू घातली तर ती पिकेल, या धास्तीने जाळी पुष्कळ काळ टाळली गेली. स्वच्छ जखमेत पॉलिप्रॉपिलीनची जाळी या रुग्णांतही चांगली टिकते, हे अनुभवाने पटल्यावर ती भीती ओसरली.

जाळी बसवणे तरी सोपे नाही. फटीच्या कडेपासून सगळीकडे साधारण पाच सेंटिमीटर जाळी पसरावी लागते, आणि इथे बाहेरच्या बाजूला लगेच कमरेचे हाड येते. जाळी अडकवायला मऊ ऊतक उरत नाही, म्हणून काही वेळा ती हाडालाच बांधतात. मागे मूत्रपिंड भिंतीला चिकटलेले असते. खोल घेतलेला एक टाका मूत्रपिंडात किंवा मूत्रवाहिनीत जाऊ शकतो. त्यामुळे अनेक शल्यविशारद मूत्रपिंडावरून भिंत पूर्ण सोडवण्याचा हट्ट न धरता स्नायूंच्या दोन थरांमध्ये किंवा सर्वांत वरच्या आवरणावर जाळी पसरतात. जांघेच्या हर्नियासाठी लिश्टेनस्टाइन यांची पुढून जाळी लावण्याची रीत सोयीची ठरते, कारण दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेला भिंतीमागची जी मोकळी जागा लागते ती रोपलेल्या मूत्रपिंडाने व्यापलेली असते. याची उलट बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाच्या जांघेत दुर्बिणीतून मोठी जाळी घातली गेली, तर पुढे प्रत्यारोपणाच्या वेळी पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती घट्ट व्रण सापडतो आणि ती बाजू जवळजवळ निकामी होते.

शस्त्रक्रियेच्या आगेमागे मूत्रपिंडाची काळजी हे वेगळेच काम आहे. रक्तदाब घसरू द्यायचा नाही, शरीर कोरडे पडू द्यायचे नाही, रोजची औषधे एक दिवसही चुकवायची नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि बुरशीवरची काही औषधे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम चढवतात. रिफॅम्पिसिन ती उतरवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला इजा होते. लहान गावात हर्नियाची शस्त्रक्रिया झाल्यावर हीच औषधे सवयीने लिहिली जातात.

भारतात बरीचशी प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात, आणि देणाऱ्यांत आई आणि पत्नी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या पोटाच्या भिंतीचा विचार याच विषयात व्हायला हवा. पूर्वी दात्याचे मूत्रपिंड काढण्यासाठी बरगडीखाली कुशीत मोठा छेद घेत. त्यानंतर अनेकांची कूस कायमची फुगीर राहात असे. १९९५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रॅटनर आणि कावूसी यांनी दुर्बिणीतून दात्याचे मूत्रपिंड काढले. आता ते बहुधा ओटीपोटावरच्या लहानशा आडव्या छेदातून बाहेर आणले जाते आणि तिथे हर्निया क्वचितच होतो. निरोगी माणसाने केवळ दुसऱ्यासाठी घेतलेल्या जखमेत हा फरक लहान नाही.

घेणाऱ्याची जखम लहान करण्याचे प्रयत्नही झाले. २०१३च्या सुमारास गुरुग्रामच्या मेदांता रुग्णालयात अमेरिकेतील मणी मेनन यांच्या चमूबरोबर रोबोटच्या साहाय्याने, बर्फाने मूत्रपिंड थंड राखून प्रत्यारोपणे करण्याची पद्धत विकसित झाली. शिकागोतील डॉक्टरांनी अतिस्थूल रुग्णांत रोबोटने मूत्रपिंड बसवले तेव्हा जखम पिकण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. छेद बेंबीजवळ, चरबीच्या घडीपासून दूर आल्याचा तो परिणाम आहे. हा मार्ग महागडा आहे, आणि पोटाच्या आतून जात असल्यामुळे त्याचे धोकेही निराळे आहेत. लहान मुलांची अडचण उलटी असते. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड चिमुकल्या पोटात मावत नाही, म्हणून मध्यरेषेवर छेद घेऊन ते आत बसवतात आणि भिंत मिटवताना पुष्कळदा जाळीची मदत घ्यावी लागते.

घरी परतलेल्या रुग्णासाठी सांगण्यासारखे थोडके आहे, पण ते नेमके हवे. सहा ते आठ आठवडे भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल उचलायचे नाही. खोकला किंवा शिंक आली तर जखमेवर उशी किंवा तळहात धरायचा. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून उपाय वेळेवर करायचा. दुकानातून हर्नियाचा पट्टा आणून स्वतःच्या मनाने बांधायचा नाही, कारण त्याचा दाब थेट मूत्रपिंडावर येतो. जांघेत किंवा जखमेजवळ नवी गाठ दिसली तर ती दुखत नसली तरी प्रत्यारोपण केलेल्या चमूला दाखवायची. दुसऱ्या कोणत्याही शल्यविशारदाकडे जाताना रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद सोबत न्यायचा, कारण मूत्रपिंड कोणत्या बाजूला आहे आणि मूत्रवाहिनी कशी जोडली आहे हे त्याच कागदावर लिहिलेले असते. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन आणि औषधाची पातळी पाहून झाल्यावर रुग्णाला उभे करून दोनदा खोकायला लावले आणि दोन्ही जांघांवर व जखमेवर हात ठेवून पाहिले, तर त्याला मिनिटभरही लागत नाही.